बिनजोखमीचें शहाणपण

आमच्या सुशिक्षित मध्यम वर्गाच्या महत्त्वाकांक्षा दर पिढीस कूस बदलतात. माझ्या आजोबांच्या काळीं मुलगा मामलेदार झाला म्हणजे घराण्याचें सोनें झालें असें वाटे. वडिलांच्या काळीं तो मान बँकेच्या नोकरीस व इंजिनियरास मिळाला. माझ्या पिढीनें अमेरिकेस गेलेल्या मुलाच्या नांवानें पेढे वांटले. हल्लीं तो मान 'कन्सल्टिंग'कडे गेला आहे. मुलगी आय. आय. एम.मधून बाहेर पडते, एखादी नामांकित सल्लागार पेढी तिला पहिल्याच दिवशीं उचलते, आणि सोसायटींत ती बातमी पोंचण्यापूर्वीं पगाराचा आंकडा पोंचतो. ती नक्की काम काय करते, असें कोणी विचारलें तर मात्र आईबापांची थोडी तारांबळ उडते. "मोठमोठ्या कंपन्यांना सल्ला देते," एवढें उत्तर मिळतें. चोवीस वर्षांची मुलगी मोठमोठ्या कंपन्यांना कसला सल्ला देते, हा पुढला प्रश्न विचारणें असभ्यपणाचें समजलें जातें. तो असभ्यपणा करण्याचें मीं आज योजिलें आहे.

या धंद्याविषयीं आपल्याकडे दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, ही नोकरी म्हणजे दुसरें विद्यापीठच. येथें दोन वर्षांत जें शिकावयास मिळतें तें इतरत्र दहा वर्षांत मिळत नाहीं. दुसरा पक्ष म्हणतो, ही सोन्याच्या सांखळीची वेठबिगार आहे. पगार भरपूर, पण जीव शिल्लक राहत नाहीं. दोन्ही पक्षांचीं माणसें मला ठाऊक आहेत. कारण माझ्या वर्गांत बसून पुढें व्यवस्थापनशास्त्राकडे वळलेले कित्येक विद्यार्थी या पेढ्यांत गेले आहेत, व सणावारीं भेटावयास आले म्हणजे मन मोकळें करितात. त्यांचें ऐकून ऐकून माझें असें ठाम मत झालें आहे कीं, दोन्ही पक्ष भलत्याच गोष्टीवर भांडत आहेत. या तरुणांना जें आवडतें त्यांतच खरा धोका आहे. आणि ज्याविषयीं ते मोठ्यानें कुरकुर करितात तें त्या मानानें लहान दुखणें आहे.

आवडीची यादी प्रथम घेऊं, आणि ती न्यायानें घेऊं. पहिली गोष्ट पगार. ती कबूल करण्यांत लाजण्याजोगें कांहीं नाहीं. ज्याच्या शिक्षणासाठीं घरानें वीस-पंचवीस लाखांचें कर्ज काढलेलें असतें, त्याला पैशाच्या मोहाविषयीं व्याख्यान देणें हा निव्वळ निर्दयपणा होईल. दुसरी गोष्ट सोबत. हुशार, चटपटीत, आपल्याच वयाचीं माणसें रात्रंदिवस एका टेबलाभोंवतीं बसून एकाच प्रश्नाशीं झुंजतात, याची एक नशा असते. महाविद्यालयांत वादविवादाची चटक लागलेल्यास ती तत्काळ कळेल. तिसरी गोष्ट वैचित्र्य. चार महिने सिमेंट, मग चार महिने औषधें, त्यानंतर विमा. एका खुर्चीस खिळून राहण्याचा कंटाळा ज्यांनीं आपल्या वडिलांच्या तोंडावर पाहिला, त्यांना हें वैचित्र्य सुटकेसारखें वाटतें. चौथी गोष्ट लेखनाची शिस्त, आणि येथें मला, एका शिक्षकाला, मान खालीं घालावी लागते. १९६३ सालीं मॅकिन्झी पेढींत रुजू झालेल्या बार्बरा मिंटो या बाईंनीं एक पद्धति बसवून दिली: उत्तर आधीं सांगा, कारणें मागून सांगा, आणि एक कारण दुसऱ्यांत मिसळूं देऊं नका. ती पद्धति आज या धंद्यांत सर्वत्र चालते. आमचा पदवीधर तीन पानें प्रास्ताविक लिहून चौथ्या पानावर मुद्द्यास हात घालतो. जें आम्हांला पंधरा वर्षांत शिकवितां आलें नाहीं तें या पेढ्या सहा महिन्यांत शिकवितात, हें मी मोकळ्या मनानें मान्य करितों. पांचवी गोष्ट नांव. या पेढीचा शिक्का एकदां बसला म्हणजे पुढें कोणतेंही दार ठोठावावें लागत नाहीं.

नावडीची यादीही तितकीच परिचित आहे. सोमवारीं पहांटेचें विमान व गुरुवारीं रात्रीचें. मधले दिवस हॉटेलांत. रात्रीं अकरा वाजतां वरिष्ठांचा निरोप येतो कीं, सदतिसावी स्लाइड बदला. रात्रीं दोन वाजतां दुसरा निरोप येतो कीं, ती पुन्हां पहिल्यासारखी करा. ठराविक मुदतीनें गुणांकन होतें, व त्यांत एक नियम सर्वांच्या डोक्यावर टांगलेला असतो: वर चढा, नाहीं तर बाहेर पडा. काम नसलें म्हणजे 'बेंच'वर बसावें लागतें, आणि तो रिकामपणा कामाहूनही जिवाला खातो. त्यांतच ती जुनी थट्टा आहे कीं, सल्लागार म्हणजे तुमचेंच घड्याळ मागून घेऊन तुम्हांला वेळ सांगणारा, व जातांना तें घड्याळ खिशांत घालून नेणारा मनुष्य. ती थट्टा हे तरुण स्वतःच सांगतात, आणि सांगून झाल्यावर थोडा वेळ गप्प बसतात.

यांपैकीं कामाच्या तासांची तक्रार सर्वांत मोठ्यानें होते, व ती खोटी नाहीं. २०२३ सालीं इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ति यांनीं तरुणांनीं आठवड्यास ७० तास काम करावें असा उपदेश केला. २०२५ च्या आरंभीं लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचें ९० तासांचें व रविवारच्या कामाचें बोलणें गाजलें. हे उपदेश ऐकून मला नारायण मेघाजी लोखंडे यांची आठवण झाली. १८८४ सालीं त्यांनीं मुंबईच्या गिरणीकामगारांस एकत्र करून आठवड्याची एक सुटी मागितली. सहा वर्षांच्या झगड्यानंतर १८९० मध्यें रविवारची सुटी पदरांत पडली. आज त्याच परळांत, गिरण्यांच्या जागीं उभ्या राहिलेल्या कांचेच्या इमारतींत, इंग्रजी बोलणारे पदवीधर तो रविवार मुकाट्यानें परत करीत आहेत; आणि त्यांच्यासाठीं एकही लोखंडे उभा राहत नाहीं, कारण कामगार म्हणवून घेणें त्यांना अपमानाचें वाटतें. ज्याच्या करारांत जादा वेळेच्या मोबदल्याचें नांव नाहीं तो साहेब, असा आमचा समज आहे. ही गोष्ट लाजिरवाणी आहे, व तिचा बंदोबस्त झाला पाहिजे, यांत मला शंका नाहीं.

परंतु तास हें दुखण्याचें मूळ नव्हे. सरकारी इस्पितळांतील निवासी डॉक्टर दिवस आणि रात्र एक करून उभा असतो. पेरणीच्या दिवसांत शेतकरी तास मोजीत नाहीं. दैनिकाचा उपसंपादक वर्षानुवर्षें मध्यरात्रीं घरीं जातो. हीं माणसें थकतात, चिडतात, वरिष्ठांशीं भांडतात, आणि त्यांनीं भांडावेंच. पण आपण करितों तें काय, असा प्रश्न त्यांना बहुधा पडत नाहीं. रोगी उठून बसला कीं दगावला, हें डॉक्टर सकाळीं पाहतो. पेरलेलें उगवलें कीं नाहीं, हें शेतकऱ्यास आठ दिवसांत दिसतें. श्रमाचा शीण फळाच्या दर्शनानें उतरतो. फळ वाईट निघालें तरी कांहीं अंशीं उतरतो, कारण पुढल्या खेपेस काय सुधारावयाचें तें कळतें. ज्या श्रमाचें फळच दृष्टीस पडत नाहीं त्याचा शीण झोंपेनेंही जात नाहीं.

हें मला एका विद्यार्थ्यानें शिकविलें. त्याचें नांव मी सांगत नाहीं व पेढीचेंही नाहीं. दोन वर्षांपूर्वीं दिवाळींत तो घरीं आला. फराळाचें ताट पुढें असतांना तीनदां उठून गच्चींत फोनवर बोलून आला. चौथ्यांदां फोन वाजला तेव्हां त्यानें तो उलटा करून ठेवला व आपण होऊन बोलूं लागला. पेढीनें त्याला एका जुन्या, तोट्यांत चाललेल्या कारखान्याच्या कामावर धाडलें होतें. तो व त्याचे तीन सोबती तेथें सात आठवडे होते. त्यांतले अकरा दिवस प्रत्यक्ष कारखान्यांत, बाकीचे कचेरींत आंकडे जुळविण्यांत गेले. एक विभाग बंद करून तें काम बाहेरून करवून घ्यावें, असा अहवाल त्यांनीं दिला. संचालकांनीं वाखाणणी केली, वरिष्ठांनीं पाठ थोपटली, याला वरचा दर्जा मिळाला.

मीं विचारलें, "पुढें काय झालें?"

"कशाचें, सर?"

"त्या विभागाचें. तुम्ही बंद करावयास सांगितलांत त्याचें."

तो थोडा वेळ चिवड्यांतले शेंगदाणे वेंचीत बसला. मग म्हणाला, "ठाऊक नाहीं, सर. आमचें काम संपलें होतें. पुढल्या सोमवारीं मी हैदराबादेस दुसऱ्या कामावर गेलों." आणि जरा थांबून पुढें म्हणाला, "त्या विभागांत एक फोरमन होते. दुपारीं मला आपल्या डब्यांतलें खायला बसवीत. सगळीं यंत्रें त्यांनींच समजावून दिलीं. आमच्या अहवालांतली निम्मी माहिती त्यांची आहे."

याहून अधिक तो बोलला नाहीं व मीं विचारलें नाहीं. विमान, हॉटेल, रात्रीचे निरोप, वरिष्ठांची लहर, या सर्वांविषयीं त्यानें पूर्वीं कित्येक वेळां तक्रार केली होती. फोरमनची गोष्ट त्याच्या तक्रारींच्या यादींत कधींच नव्हती. आणि तीच त्याला खात होती. ज्या मनुष्यानें ज्ञान दिलें त्याच्याच नोकरीवर त्या ज्ञानाचा प्रयोग झाला, हें तर खरेंच. पण त्याहून वाईट गोष्ट ही कीं, तो प्रयोग बरोबर होता कीं चूक, हें या मुलाला ठाऊक नाहीं, आणि ठाऊक करून घेण्याचा मार्ग त्याच्या नोकरींत ठेवलेलाच नाहीं. कदाचित् तो विभाग बंद झाल्यानें उरलेला कारखाना वांचला असेल. कदाचित् बाहेरचा माल निकृष्ट निघून सारा कारखाना बसला असेल. कदाचित् अहवाल फडताळांत पडून राहिला असेल. सल्ला देणाऱ्यास तिन्ही गोष्टी सारख्याच. कारण बिल तिन्ही प्रसंगीं तेवढेंच.

आतां त्या "दुसऱ्या विद्यापीठा"च्या दाव्याकडे वळूं. शिकणें म्हणजे काय? माहिती गोळा होणें म्हणजे शिकणें नव्हे, तीव्र बुद्धीच्या माणसांत वावरणें म्हणजेही नव्हे. आपण कांहीं तरी करावें, तें फसावें किंवा साधावें, आणि त्या अनुभवानें आपलें मत दुरुस्त व्हावें, यास शिकणें म्हणतात. सुतार लांकूड बिघडवून शिकतो. वकील दावा हरून शिकतो. शिक्षक मुलांच्या उत्तरपत्रिका पाहून, आपण काय शिकविलें व त्यांनीं काय ऐकलें यांतलें अंतर मोजून शिकतो. जेथें दर चार महिन्यांनीं प्रश्न बदलतो व मागल्या प्रश्नाचा निकाल कधींच हातीं येत नाहीं, तेथें मनुष्य तरबेज होतो तो उत्तर शोधण्यांत नव्हे, उत्तर पटवून देण्यांत. ही कला कमी नव्हे; पण तिला शहाणपण म्हणूं नये. आमचे तरुण ज्या वैचित्र्यावर लुब्ध होतात तेंच त्यांना शहाणें होऊं देत नाहीं.

हा निष्कर्ष माझा नवा नव्हे. या धंद्याच्या आद्यपुरुषालाच तो भोंवला होता. जेम्स मॅकिन्झी हे शिकागो विद्यापीठांत हिशेबशास्त्राचे प्राध्यापक होते; माझ्याच जातीचे गृहस्थ म्हणावयाचे. १९२६ सालीं त्यांनीं आपली पेढी काढली. १९३५ मध्यें शिकागोच्या मार्शल फील्ड या प्रचंड व्यापारी संस्थेस त्यांच्या पेढीनें सल्ला दिला, आणि त्या संस्थेनें त्यांनाच कारभार हातीं घेण्यास बोलाविलें. त्यांनीं स्वतःच्या सल्ल्याप्रमाणें घाऊक विभाग मोडला, शेंकडों माणसें कमी केलीं, सर्वत्र रोष ओढवून घेतला, आणि १९३७ सालीं न्यूमोनियानें त्यांचा अंत झाला. दुसऱ्यास सल्ला देण्यापेक्षां स्वतः निर्णय घेणें किती अवघड असतें हें आपणांस आयुष्यांत आतां कळलें, अशा अर्थाचे उद्गार त्यांनीं अखेरीस काढले असें सांगतात. ज्याच्या नांवानें जगांतील एक अत्यंत नामांकित सल्ल्याची पेढी चालते त्याला ही गोष्ट कळावयास स्वतः खुर्चीवर बसावें लागलें. पेढीनें मात्र त्यांतून उलटाच धडा घेतला. पुढें मार्विन बोवर यांच्या कारकीर्दींत, १९५० च्या दशकांत, अनुभवी माणसांऐवजीं व्यवस्थापन-विद्यालयांतून नुकतींच बाहेर पडलेलीं मुलें घेण्याची रीत पडली. बोवर हे स्वतः मोठे निःस्पृह गृहस्थ; १९६३ मध्यें त्यांनीं आपले भाग बाजारभावानें न विकतां पुस्तकी किंमतीस पेढीला परत दिले. परंतु त्यांची ती रीत इतर पेढ्यांनींही उचलली, आणि ज्यानें अद्याप कांहींच चालविलेलें नाहीं त्यानें चालविणाऱ्यास शिकवावें, हा प्रकार जगभर प्रतिष्ठित झाला.

याच्या उलट एक उदाहरण आपल्या घरचें देतों. विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या सायन्स कॉलेजांत शिकले व १८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत लागले. नाशिक, खानदेश, पुणें असे ते फिरले. पाट, तलाव, नळ यांच्या कामांत त्यांचे बूट चिखलानें भरले. खडकवासल्याच्या धरणास त्यांनीं आपण योजलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ सालीं बसविले. ते दरवाजे चुकले असते तर त्याचें प्रायश्चित्त त्यांना पुण्यांतच, लोकांसमक्ष, घ्यावें लागलें असतें. १९०८ च्या सप्टेंबरांत मुसी नदीच्या पुरानें हैदराबादेंत हाहाकार उडविला, तेव्हां निजाम सरकारानें त्यांना सल्लागार इंजिनियर म्हणून पाचारण केलें. आणि त्यांच्या योजनेंतून पुढें उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव उभे राहिले. हाही सल्लाच होता. पण त्याच्या पाठीमागें चोवीस वर्षांची नोकरी होती. विश्वेश्वरय्यांनीं चोवीस वर्षें काम केलें व मग सल्ला दिला. आमचा तरुण वयाच्या चोविसाव्या वर्षीं सल्ल्यास आरंभ करितो.

दुसरा मुद्दा सहीचा. हिशेबतपासनीस ताळेबंदाखालीं सही करितो. डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर करितो. इंजिनियर नकाशावर करितो. सही म्हणजे, चूक झाली तर मला धरा, असें वचन. एन्रॉन कंपनीचा इतिहास महाराष्ट्रास नव्यानें सांगावयास नको. दाभोळच्या विजेचा करार १९९३ चा, त्यावरून आमचीं मंत्रिमंडळें कशीं हेलपाटलीं, व २००१ मध्यें वीज मंडळानें ती महाग वीज घेणें कसें थांबविलें, हें सर्वांस स्मरत असेल. त्या कंपनीच्या घडामोडींचे सूत्रधार जेफ्री स्किलिंग हे १९९० पर्यंत मॅकिन्झीचे भागीदार होते. ती पेढी एन्रॉनची सल्लागार होती, आणि गुणवंत माणसें कशीं निवडावींत याचा आदर्श म्हणून तिच्या सल्लागारांनीं २००१ सालच्या आपल्या ग्रंथांत एन्रॉनची वाहवा केली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस एन्रॉन बुडाली. ताळेबंदावर सही करणारी आर्थर अँडरसन ही पेढी २००२ मध्यें नामशेष झाली. सल्ला देणाऱ्या पेढीस ओरखडाही उठला नाहीं, कारण तिची कोठेंच सही नव्हती. कधीं कधीं जबाबदारी उशिरां येऊन गांठते, हेंही सांगितलें पाहिजे. अफूजन्य वेदनाशामकांची विक्री वाढविण्याच्या सल्ल्याबद्दल याच पेढीस अमेरिकेंत २०२१ सालीं ५७ कोटींवर व २०२४ सालीं ६५ कोटी डॉलर भरण्याचें कबूल करावें लागलें. पण ज्या घरांतलीं माणसें त्या गोळ्यांनीं गेलीं त्यांना ही सही फार उशिरां मिळाली.

माझ्यावर येणारे आक्षेप मला दिसतात. पहिला असा कीं, बाहेरचा डोळा उपयोगाचा असतो. घरच्याला जें दिसत नाहीं तें पाहुण्याला दिसतें. कबूल. वैद्यही बाहेरचाच असतो. पण चांगला वैद्य, तीन दिवसांनीं पुन्हां दाखवायला या, असें सांगतो, आणि गुण आला नाहीं तर औषध बदलतो. सल्लागार पेढीही पुन्हां येते; परंतु ती नव्या बिलासह नव्या रोगासाठीं येते. दुसरा आक्षेप असा कीं, या नोकरीची कोणावर सक्ती नाहीं. कागदोपत्रीं नाहीं. पण डोक्यावर कर्ज, संस्थेच्या माहितीपत्रकावर सर्वोच्च पगाराचा आंकडा, आणि शेजारच्या घरीं वांटलेले पेढे, एवढ्या तिघांनीं मिळून केलेला आग्रह सक्तीहून फार निराळा नसतो. तिसरा आक्षेप असा कीं, पुष्कळ जण दोन-तीन वर्षांनीं ही नोकरी सोडून स्वतःचें कांहीं चांगलें उभारतात. उभारतात, आणि त्यांचें मला कौतुक आहे. परंतु दुसरे कित्येक थेट मोठ्या कंपन्यांच्या व सरकारांच्या उंच खुर्च्यांवर जातात, आणि दुरून, आंकड्यांच्या चौकटींतून, फोरमन न पाहतां निवाडा करण्याची पंचविशींत लागलेली सवय बरोबर नेतात. सवय ही पगारासारखी नव्हे. नोकरी सोडल्यावर ती सुटत नाहीं.

केवळ व्यवहाराच्या भाषेंत बोलावयाचें तरी आतां सावध होण्याची वेळ आली आहे. २०२३ सालीं ॲक्सेंचर या एका पेढीनें १९,००० माणसें कमी करण्याचें जाहीर केलें. माहिती चाळणें, तिचे तक्ते मांडणें, मसुदा तयार करणें, हीं नवशिक्या सल्लागाराचीं कामें आतां यंत्र झपाट्यानें करूं लागलें आहे. आणि त्याचा परिणाम कसा होतो हेंही दिसलें आहे. ऑस्ट्रेलियाच्या सरकारास डेलॉइट पेढीनें दिलेल्या सुमारें ४,४०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या अहवालांत, जगांत कोठेंही नसलेल्या निबंधांचे हवाले निघाले. यंत्राचा वापर केल्याचें मान्य करून २०२५ सालीं पेढीला कांहीं रक्कम परत करावी लागली. सही नसलेल्या शहाणपणाचा हा शेवटला टप्पा होय: आतां लिहिणाराही मनुष्य असण्याची आवश्यकता उरली नाहीं. अशा वेळीं कोणाची किंमत टिकेल? ज्यानें कारखान्याची पाळी सांभाळली आहे, दुकान चालविलें आहे, शाळा किंवा इस्पितळ उभें केलें आहे, त्याची. केवळ मांडणी ज्याला येते त्याची नव्हे.

मग करावें काय? पेढ्या बंद कराव्यात असें मी म्हणत नाहीं. माझ्या मागण्या साध्या आहेत. शाळेंतून आलेल्या मुलास सल्लागार म्हणून घेऊं नये. त्यानें आधीं तीन वर्षें कोठें तरी प्रत्यक्ष काम केलेलें असावें. अहवालावर तो लिहिणाऱ्यांचीं नांवें असावींत, आणि ज्यांच्या डोक्यांतून माहिती घेतली त्यांचींही. अहवाल देणाऱ्यास एका वर्षानें त्याच जागीं, पेढीच्या खर्चानें, परत धाडावें, आणि तेथें त्याला जें दिसेल त्यावर त्याची बढती ठरावी. असें झालें तर तास आपोआप कांहींसे कमी होतील, कारण सदतिसावी स्लाइड दोनदां बदलण्यापेक्षां फोरमनला एकदां भेटणें अधिक फायद्याचें ठरेल.

पेढ्या हें करतील कीं नाहीं, तें त्यांच्यावर सोडूं. आपल्या हातांतलें आपण करावें, आणि येथें दोष पहिल्यानें माझ्या धंद्याचा आहे. आम्ही प्राध्यापक मुलांना वर्षानुवर्षें 'चर्चा करा', 'मूल्यमापन करा' असे प्रश्न घालतों. मत द्यावयाचें, गुण घ्यावयाचे, आणि त्या मताचें पुढें कांहीं होत नाहीं. परिणामावांचून मत देण्याची पहिली नोकरी आम्हींच त्यांना लावून देतों. त्या विद्यार्थ्याच्या व्यवस्थापन-विद्यालयाच्या अर्जास शिफारसपत्र मींच जोडलें होतें, आणि त्यांत त्याच्या 'निर्णयशक्ती'ची स्तुति केली होती. त्यानें तोंवर एकही निर्णय घेतलेला नव्हता, हें मला ठाऊक होतें.

तो अजून त्याच नोकरींत आहे. कर्जाचीं दोन वर्षें उरलीं आहेत, व त्याला दोष देण्याचा मला अधिकार नाहीं. पण येत्या दिवाळींत अशीं मुलें घरोघरीं येतील, आणि आपण त्यांना पगार विचारूं, पद विचारूं, पुढलें विमान केव्हांचें तें विचारूं. त्याबरोबर एवढेंही विचारावें: "मागल्या वर्षीं तूं जें सुचविलेंस, त्याचें पुढें काय झालें?" उत्तर आलें तर मुलगा शिकतो आहे, असें समजावें. उत्तर आलें नाहीं तर त्याच्या पगाराचें कौतुक थोडें आंवरून धरावें, आणि त्याला फराळ करूं द्यावा.